गोंदणाची जखम

आजीच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा मनगटावर हिरवे गोंदण पाहिले नाही असे मूल मराठी घरांत विरळाच. तुळशीवृंदावन, सीतेची पावले, विंचू, चार ठिपक्यांचे फूल अशा त्या साध्या आकृती. आणि अंगावरचे सारे दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे शेवटपर्यंत सोबत येते, ही त्यामागची श्रद्धा. आपण ज्या तेलंगणात राहतो तेथे यालाच 'पच्चबोट्टू' म्हणतात. 'पच्च' म्हणजे हिरवा आणि 'बोट्टू' म्हणजे टिळा. येरुकल जमातीच्या स्त्रिया टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडत आणि धान्याच्या मोबदल्यात गोंदून देत. दिव्याची काजळी, एखाद्या पाल्याचा रस आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोनचार सुया एवढेच त्यांचे साहित्य.

ती टोपली आता दिसेनाशी झाली. गोंदण मात्र गेलेले नाही. तारनाक्याच्या चौकातून उस्मानिया विद्यापीठाकडे जाणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हातांकडे सहज नजर टाकली तरी कोठे इंग्रजी अक्षर, कोठे पंख, कोठे त्रिशूळ दिसतो. आजीची सुई जाऊन विजेचे यंत्र आले, एवढाच काय तो फरक. ही आवड चांगली की वाईट या वादात शिरण्याचे आम्हांस येथे प्रयोजन नाही. आमचे मत विचाराल तर वयाची अठरा वर्षे पुरी होऊन स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेता येईपर्यंत थांबावे, इतकेच सांगू. परंतु जत्रेचे दिवस किंवा सुट्टी संपून शाळा भरली, की ऐन उकाड्यातही एखादा हात पूर्ण बाहीच्या सदऱ्यात झाकलेला दिसतो. विचारले तर 'पडलो' किंवा 'मांजराने ओरखडले' असे उत्तर येते. बाही वर केली की खाली सुजलेले, ओले झालेले नाव निघते. घरी रागावतील म्हणून ते झाकलेले, आणि झाकलेले म्हणून चिघळलेले! हा लेख लिहिण्याचे कारण ती बाही आहे.

गोंदणे म्हणजे कातडीवर चित्र काढणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते चित्र कातडीवर नसते, कातडीच्या आत असते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एका दशांशाइतकाच जाड असून तो सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. मेंदी आठदहा दिवसांत का जाते, याचे उत्तर यातच आहे. तिचा रंग या झडणाऱ्या थरापुरताच असतो. गोंदणाऱ्याची सुई मात्र तो थर भेदून खालच्या, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या थरात मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल जाते आणि तेथे रंग सोडून परत येते. हातसुईने हे काम सावकाश होई. अमेरिकेत एडिसनने १८७६ मध्ये कागदाला बारीक छिद्रे पाडून नकला काढण्याच्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. तिचेच तत्त्व घेऊन न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. कागदासाठी काढलेली युक्ती माणसाच्या कातडीवर आली ती अशी. आजची यंत्रे मिनिटाला शेकडो, कित्येकदा हजारो वेळा टोचतात. तेव्हा हातभर चित्र म्हणजे असंख्य बारीक जखमा एकमेकींना लागून केलेल्या असतात.

या जखमा होताच शरीर आपल्या संरक्षणाच्या उद्योगाला लागते. रक्तातील भक्षक पेशी तेथे धाव घेतात आणि रंगाचे कण परके समजून गिळून टाकतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. पोटात रंग घेऊन त्या पेशी तेथेच बसून राहतात, आणि आपल्याला बाहेरून जे चित्र दिसते ते या रंग गिळलेल्या पेशींचे. मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातील रंग मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण टिकते ते रंग पक्का बसला म्हणून नव्हे. पहारा बदलत राहतो आणि प्रत्येक पहारेकरी तोच कैदी ताब्यात घेतो, म्हणून. काही कण मात्र निसटून काखेतल्या किंवा मानेतल्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. आणि काळ्या काजळीचे गोंदण हिरवेनिळे का दिसते? कातडीतून आत जाणाऱ्या प्रकाशापैकी तांबडा भाग खोलवर जातो आणि काजळीत शोषला जातो. निळा भाग वरच्या वरच विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परत येतो. मनगटावरच्या शिरा निळसर भासतात त्यामागेही बरेचसे हेच कारण आहे. तेलुगू माणसाने त्यास 'हिरवा टिळा' म्हटले ते डोळ्यांना जे दिसले त्यावरूनच.

एवढे ध्यानात आले, की उपचाराची दिशा आपोआप ठरते. नवे गोंदण ही उघडी जखम आहे. गुडघा खरचटल्यावर जी काळजी घ्यावयाची तीच येथे घ्यावयाची, फक्त अधिक दिवस. पहिले एक-दोन दिवस ती जागा थोडी लाल, गरम आणि सुजलेली राहते. तिच्यातून किंचित लस येते, रंगाचे थेंबही येतात. याने घाबरू नये. मग पातळ खपली धरते, खाज सुटते आणि दोन ते तीन आठवड्यांत वरची कातडी भरून येते. आतला थर पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. या काळात दिवसातून दोनदा, आधी स्वतःचे हात साबणाने धुऊन, ती जागा स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हळूच धुवावी, स्वच्छ कपड्याने न घासता टिपून कोरडी करावी, आणि तीवर साध्या व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवावा. पातळ म्हणतो ते मुद्दाम. थापलेल्या व्हॅसलिनखाली घाम कोंडतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यात जंतूंची चंगळ होते. प्लास्टिकचा कागद दिवसचे दिवस गुंडाळून ठेवणाराही हेच संकट ओढवून घेतो. सैल सुती कपडा वापरावा. खपली नखाने काढू नये. खाज असह्य झाली तर वरून ओल्या स्वच्छ फडक्याने गारवा द्यावा. जखम भरेपर्यंत तळ्यात, विहिरीत किंवा पोहण्याच्या तलावात उतरू नये आणि ऊन लागू देऊ नये.

आता काय लावू नये हे सांगणे अधिक निकडीचे आहे, कारण आमच्या पाहण्यात बिघाड झाला तो बहुधा उपायांनीच. चुलीची राख, शेण, माती, काजळ, दात घासण्याची पेस्ट, तंबाखू, विड्याचा चुना यांपैकी कोणतीही वस्तू उघड्या जखमेवर घालू नये. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे बीज असते. ते खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत रुजते, आणि सुईचे छिद्र अरुंद असले तरी खोल असतेच. हळदीविषयी आम्हांला विचाराल तर स्वयंपाकघरातील डब्यातली हळद ही निर्जंतुक वस्तू नव्हे. तिचे गुण कितीही मान्य केले तरी चमचा-चमचा उघडझाक होणाऱ्या डब्यातली पूड ताज्या जखमेत भरणे हा तिचा सन्मान नाही. दुसऱ्या टोकाला काही उत्साही मंडळी स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न घातलेले डेटॉल दिवसातून चारदा ओततात. त्याने जंतू मरतात तशाच नव्याने उगवणाऱ्या पेशीही मरतात, आणि जखम भरून येण्याऐवजी लांबते.

धनुर्वाताची लस आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. २०१९ पासून तिच्यात घटसर्पाचीही लस मिसळलेली असते. आपल्याला ती मिळाली आहे की नाही हे विद्यार्थ्यांनी घरी विचारून ठेवावे. गोंदणापुरतेच नव्हे, खिळा लागला तरी ही माहिती कामास येते. जखम लवकर भरून येण्यास आहाराचाही हात असतो. नवी कातडी विणण्यास प्रथिने लागतात आणि ते विणकाम पक्के होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते फारच कमी पडले म्हणजे जुनी, भरलेली जखमसुद्धा उकलते. पूर्वीच्या खलाशांना याचा अनुभव येत असे. १९५८ मध्ये कून्नूरहून हैदराबादेस आलेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी संशोधनसंस्था आपल्या तारनाक्यालाच आहे. तिच्या दारावरून रोज शाळेला येणाऱ्या मुलांना डाळ, अंडे, पेरू आणि आवळा यांचे महत्त्व आम्ही वेगळे काय सांगावे!

साधारण बरे होणे आणि बिघडणे यांतील भेद ओळखता आला पाहिजे. बरी होणारी जखम दिवसागणिक शांत होत जाते. तीनचार दिवसांनंतरही ठणका वाढतच असेल, सूज चित्राच्या कडा ओलांडून पसरत असेल, पिवळा किंवा दुर्गंधी पू येत असेल, काखेत अवधाण आले असेल, तर जंतूंनी घर केले असे समजावे. पुस्तकांतून 'लालसरपणा' हे लक्षण दिलेले असते. परंतु आपल्या सावळ्या कातडीवर तांबडेपणा नीट दिसत नाही, तो जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. म्हणून डोळ्यांबरोबर हाताचाही उपयोग करावा: हाताची पालथी बाजू जखमेशेजारी आणि मग दुसऱ्या हातावर त्याच जागी लावून पहावी, जखमेची बाजू स्पष्टपणे अधिक गरम लागली तर शंका घ्यावी. ताप आणि थंडी आली, किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गळू झाले असेल तर ते पिळू नये, सुईने फोडू नये. डॉक्टर ते योग्य रीतीने कापून पू काढतात, पुवाची तपासणी करवितात आणि त्यानुसार प्रतिजैविक देतात. दिलेल्या गोळ्या बरे वाटू लागले तरी ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. तारनाक्याहून सिकंदराबादचे सरकारी गांधी रुग्णालय जवळ आहे. तेथे त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे.

औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या एका विशिष्ट नळीविषयी येथेच बजावून ठेवतो. खाज, गजकर्ण, डाग, काहीही झाले की आपल्याकडे एकच मिश्र मलम लावण्याची सवय पडली आहे. त्यात जोरकस स्टेरॉइड असते. त्याने सूज आणि खाज तात्काळ ओसरते, रोगी खूश होतो; परंतु स्टेरॉइडचे कामच शरीराचा प्रतिकार दाबण्याचे असल्यामुळे आतील जंतूंना मोकळे रान मिळते. चिठ्ठीवाचून ती देऊ नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला, तरी मागणारा आणि देणारा दोघे राजी असले म्हणजे नियमाचे काय होते हे आपण जाणतोच. गोंदणाच्या काही विकारांत हेच औषध डॉक्टर स्वतः देतात. पण आत जंतू नाहीत याची खात्री करून घेतल्यावर.

हे झाले लवकर दिसणारे बिघाड. काही बिघाड मात्र वाट पाहतात, आणि त्यांचेच आम्हांस अधिक भय वाटते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकन नौसैनिक दलातील दोन जवानांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एकाच गोंदणाऱ्याकडून, एकाच वेळी गोंदवून घेतले. दोघेही मिशिगन राज्याचे. युद्ध संपले, दोघे घरी परतले, आणि १९४६ मध्ये दोघांच्याही गोंदणाच्या जागीच कुष्ठरोगाचा डाग उमटला. ही हकिकत १९४७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा ती एक नवलाची गोष्ट वाटली असेल. आपल्या देशात ते नवल राहिले नाही. छत्तीसगडमधील भिलाई येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अशोक घोरपडे यांनी २००२ मध्ये अशा एकतीस रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या भागात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांकडून गोंदून घेण्याची चाल फार; सुया त्याच, रंगाची वाटी तीच, एकामागून एक माणसे. कोणाच्या तरी कातडीतून सुईला चिकटलेले जंतू पुढच्याच्या कातडीत गेले. कुष्ठरोगाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून डाग उमटेपर्यंत वर्षे लोटतात आणि जत्रेतला तो दिवस कोणाच्या स्मरणातही नसतो.

हे वाचून कोणी आपल्या आजीच्या गोंदणाकडे भीतीने पाहू लागेल तर ते चूक होईल. लक्षावधी स्त्रियांनी गोंदून घेतले आणि त्यांना काहीही झाले नाही. शिवाय कुष्ठरोगाला आज भिण्याचे कारण उरलेले नाही. बहुविध औषधांच्या उपचाराने तो सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पुरता बरा होतो, आणि ती औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. कारण उरते ते उशिराचे. गोंदणाच्या रेषांवर किंवा भोवती फिक्या रंगाचा डाग उमटला आणि कापसाचा बोळा फिरवून तेथे स्पर्श कळत नसला, तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. त्वचेच्या क्षयाच्या गाठीही गोंदणावर उठलेल्या भारतात नोंदल्या गेल्या आहेत.

सुईवाटे रक्तातून जाणारे दुसरे रोग म्हणजे ब आणि क प्रकारची कावीळ आणि एड्सचा विषाणू. ब काविळीवर लस आहे आणि ती आता बालकांना जन्मापासूनच देतात. क प्रकारावर लस नाही, मात्र गोळ्यांनी तो बहुतांश बरा होतो. आपल्याला टोचलेली सुई आधी दुसऱ्यासाठी वापरली होती अशी शंका असेल तर लाजून दिवस घालवू नयेत. एड्सचा विषाणू रोखणारी औषधे बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. बहात्तर तास उलटले की त्यांचा उपयोग नाही. गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्तदान घेत नाहीत ते याच कारणास्तव.

म्हणून दुकानात जाणाऱ्याने सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगावे, हे आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. रंगाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर गावाच्या परिसरात, एका गोंदणाऱ्याच्या एकोणीस गिऱ्हाइकांना करड्या छटेच्या जागी हट्टी पुरळ उठले. दुकान स्वच्छ होते, सुया नव्या होत्या. शोध घेता घेता सरकारी वैद्यांना आढळले, की कारखान्यातून तयार होऊन आलेल्या करड्या रंगाच्या बाटलीतच क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद होता. काळ्या रंगात पाणी घालून करडा करतात, आणि ते पाणी ऊर्ध्वपातित असले तरी निर्जंतुक नव्हते. विज्ञानाच्या तासाला ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे आपण शिकतो. क्षार गेले या अर्थी ते शुद्ध खरेच. पण उघड्या भांड्यात ठेवले तर जंतू त्यातही सुखाने राहतात. हा जंतू साध्या नळाच्या पाण्यातही असतो, पोटात गेला तर सहसा काही करीत नाही, कातडीखाली गेला की मात्र आठवडे-महिने टिकणारे फोड आणतो. नेहमीची प्रतिजैविके त्यास पुरत नाहीत. कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो आणि औषध काही महिने चालते. गोंदणानंतर दोनतीन आठवड्यांनी, सारे बरे झाले असे वाटत असता एकाच छटेच्या जागी पुरळ आले, तर डॉक्टरांना गोंदणाची गोष्ट आवर्जून सांगावी. न सांगितल्यास त्यांनी ओळखावे तरी कसे?

रंगांचा स्वतःचाही दोष असतो. सर्वांत भांडखोर तांबडा. पूर्वी त्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, वापरीत. आज बहुधा कृत्रिम सेंद्रिय रंग असतात, तरी खाजणारी, उंचावलेली, महिनोन्‌महिने न शमणारी सूज येते ती बहुतेक तांबड्या भागावरच. लग्नसराईत बाजारात मिळणारी 'काळी मेंदी' हीदेखील सावध राहण्याजोगी गोष्ट. मेंदी काळी नसते. काळेपणासाठी तिच्यात केस रंगविण्याचे एक तीव्र रसायन घालतात आणि त्याने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात. एकदा असे झाले की त्या माणसाला पुढे आयुष्यभर केसांचा कलप लावतानाही धोका राहतो. ज्यांच्या घराण्यात जखमेचा व्रण गाठीसारखा वाढत जातो, ज्यास डॉक्टर केलॉइड म्हणतात, त्यांनी छातीवर किंवा खांद्यावर मुळीच गोंदवू नये. ती गाठ नुसती कापून काढली तर बहुधा अधिक मोठी होऊन परत येते. मधुमेह किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेस जाऊ नये.

शेवटी उरतो पश्चात्तापाचा प्रश्न. नाव गोंदवून घेतलेली मैत्री तुटते, किंवा सैन्यात जावेसे वाटते. आपल्या भूसैन्याच्या भरतीत कायमचे गोंदण कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागील बाजूसच चालते; आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. मग गोंदण पुसण्याचे घरगुती उद्योग सुरू होतात, आणि गोंदणाने केले नसेल एवढे नुकसान ते करतात. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावणे हा त्यांतला एक. हे मिश्रण कातडीला जाळते. रंग जातो तो मांसासकट. कोणी असे केलेच तर कोरडा चुना आधी झटकून टाकावा आणि मग ती जागा निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. लिंबू किंवा व्हिनेगर लावून उतारा करू जाऊ नये.

दुसरा उद्योग बिब्ब्याचा. परीट कपड्यांवर खुणा करीत ते या बिब्ब्याच्या रसाने. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर नेमके कॉलरच्या जागी फोड येऊ लागले, तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले. शेवटी ती परटाच्या खुणेची करामत निघाली. धुतलेल्या कपड्यातल्या डागाने जर एवढे होते, तर तो रस थेट कातडीवर चोळल्याने काय होईल? आम्ही मूळचे कोकणी मुलखातले, तेव्हा काजूच्या सालीतले तेल हाताला लागले म्हणजे कातडी कशी सोलवटते हे लहानपणीच शिकतो. बिब्बा, काजू आणि ज्याच्या चिकाने ओठ उततात तो आंबा, तिन्ही एकाच कुळातले.

गोंदण काढण्याची खात्रीची रीत आज एकच आहे, ती लेसर किरणांची. या किरणांचा झोत सेकंदाच्या अब्जांश भागाच्या हिशेबात मोजावा इतका अल्पकाळ टिकतो. तेवढ्यात रंगाचे कण तापून फुटतात आणि त्यांचा चुरा भक्षक पेशी हळूहळू वाहून नेतात. काळा रंग सर्वांत लवकर निघतो, पिवळा आणि हिरवा फार त्रास देतात. सावळ्या कातडीत तिचा स्वतःचा रंगही किरण शोषून घेतो, म्हणून तेथे पांढरे किंवा गडद डाग पडण्याचा संभव अधिक. आपल्याकडच्या डॉक्टरांना लांब तरंगलांबीचे किरण निवडून जपून काम करावे लागते. एका बैठकीत काही होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक बैठकीनंतर ती जागा पुन्हा जखम होते. तिला पुन्हा स्वच्छ पाणी, सौम्य साबण आणि व्हॅसलिनचा पातळ हात.